आज्जीचं लग्न दोन दिवसांत का उरकलं असेल? (१९४३, बेळगावजवळचं खानापूर)

खानापूरचा_नातू:
नमस्कार मंडळी, घरात वाद चालूय म्हणून विचारूलोय. आमच्या आज्जीचं लग्न १९४३ च्या उन्हाळ्यातलं, दुसरं महायुद्ध चालू असतानाचं. आजोबा मराठा पलटणीत भरती झालेले, ट्रेनिंग बेळगावातच. आज्जी सांगायची, सोमवारी बघायला आले नि बुधवारी सकाळी अक्षता पडल्या, त्यापण जोंधळ्याच्या. वरात नाही, मांडे नाहीत, साडी थोरल्या जावेची, दुसऱ्या दिवशी परत दिली. आता थोरले काका म्हणतात एवढी घाई म्हणजे कायतरी भानगड असणार. मला पटत नाही. तेव्हा बाकीच्यांची पण अशीच व्हायची काय?

शहापूरची_सून:
भानगड कसली वो! रजा संपायच्या आत उरकायचं, दुसरं काय. पोरगा एकदा बोटीवर चढला की कधी येणार, येणार की नाही, कुणाला ठाऊक. यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला इटलीत लढताना गेले, व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, ते ह्याच पलटणीतले. तरी बाप पोरी द्यायचे कारण मनीऑर्डर यायची, त्या टायमाला रोख पैसा कुणाच्या घरात होता?
साडीचं म्हणाल तर १९४३ मध्ये कापड नि सूत दोन्हीवर सरकारी कंट्रोल आलं. शहापूर तेव्हा सांगली संस्थानात, शहापूर-वडगावात माग भरपूर, पण सूत गिरणीचं, तेच मिळेना. सासूबाई सांगायच्या, विणकराच्याच घरात नवरीला नवं लुगडं नाही, गल्लीत एकच शालू तीन-चार पोरींनी नेसला, काठावर हळदीचे डाग तसेच, धुतलं तर विटेल म्हणून कुणी धुवायचंच नाही.

निपाणीकर:
वरात नाही कारण रॉकेल नाही. मार्च १९४२ ला ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांच्या हातात पडलं, तिकडनं येणारा तांदूळ नि रॉकेल दोन्ही बंद, मग गॅसबत्त्या पेटवणार कशावर? म्हणून सकाळचा मुहूर्त. मांड्याला साखर, तूप, खवा, सगळं महागाचं, आणि साखर कंट्रोलला. आमच्याकडं गव्हाची हुग्गी, म्हणजे खीर, करून पंगत उठवली म्हणे, तीपण पातळ.
पण अक्षतांचं एक लक्षात घ्या. आमच्या चिकोडीकडं जोंधळ्याच्याच अक्षता पडतात, त्याला टंचाई लागत नाही. खानापूर म्हणजे भाताचा मुलूख, तिथं जोंधळा टाकला म्हणजे घरातला तांदूळ खरंच जपून ठेवला असणार.

खानापूरचा_नातू:
हे डोक्यातच आलं नव्हतं! आज्जीच्या पेटीत भोकाचे पैसे दोऱ्यात ओवलेले सापडलेत, ते आहेरातले असतील काय?

कॅम्पातला_गडी:
असू शकतील. भोकाचा पैसा १९४३ पासूनचा, तांबं वाचवायला मधी भोक. रुपयातली चांदी १९४० लाच निम्म्यावर आणलेली, जुने रुपये लोक दाबून ठेवायचे, सुट्ट्याची बोंब. नाण्यावरचं वर्ष बघा, ४४-४५ असेल तर आहेरातलं नव्हे. आणि आजोबांचं डिस्चार्ज बुक, म्हणजे पलटणीतनं सुटताना मिळालेलं पुस्तक, असलं तर त्यावरचा नंबर घेऊन बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात विचारा. पलटण कधी हलली ती तारीख मिळाली तर काकांचा विषयच मिटला.

खानापूरचा_नातू:
बघितले. दोन ४३ चे, बाकी सगळे ४५ चे. डिस्चार्ज बुक काकांच्याच कपाटात आहे, किल्ली पण त्यांच्याकडंच.