मदत हवी आहे: लॅब्रॅडॉर असलेल्या घरात स्लायडर कासवाची टाकी कशी सुरक्षित करावी?

पाणवठा:
नमस्कार मंडळी. ठाण्यात वन बीएचके, घरात दीड वर्षाचा लॅब्रॅडॉर, वजन ३० किलो. आता भावाकडचं लाल कानाचं स्लायडर आमच्याकडे यायचंय. मादी आहे, कवच १५ सेंमी. सोबत दोन फुटी उघडी टाकी, ती टीपॉयवर असते. कुत्रा मागच्या पायांवर उभा राहिला की सरळ आत तोंड घालेल. टाकी कुठे आणि कशी ठेवावी? दोघांची ओळख करून द्यावी का? टाकीच्या पाण्याने काही होतं का? घरात चार वर्षांची मुलगीही आहे.

कवचकुंडल:
ओळख करून देऊ नका. एकाच खोलीत राहतील, पण कधीही एकमेकांना शिवणार नाहीत, एवढंच साधायचं. लॅब्रॅडॉर तोंडात अलगद धरतो या भरवशावर फार कासवं जायबंदी होतात. कवच म्हणजे बरगड्या आणि मणके एकत्र जुळून झालेलं जिवंत हाड, त्यावर नखासारखा पातळ थर. फुप्फुसं वरच्या कवचाला आतून लगटलेली असतात, त्यामुळे एक सुळा आरपार गेला तरी ती उघडी पडू शकतात. शिवाय स्लायडरला कवच मिटून घेता येत नाही, पाय आणि शेपटी दाताखाली येतातच.

आता टाकी. कवचाच्या दर इंचाला साधारण ४० लिटर पाणी धरतात, म्हणजे तुम्हाला २४० लिटर. दोन फुटी टाकी आजच अपुरी आहे, आणि मादी पुढे २५ सेंमीच्याही वर जाते. ४ फूट लांब, दीड फूट रुंद, २ फूट उंच अशी बनवून घ्या. पाऊण भरली की २५० लिटरच्या आसपास पाणी बसतं आणि वर अर्धा फूट कोरडी काच राहते, म्हणजे कासव चढून बाहेर पडत नाही. हे सगळं मिळून ३०० किलोच्या पुढे जातं, तेव्हा टीपॉय विसरा. लोखंडी अँगलचा वेल्डिंग केलेला स्टँड, वर १८ मिमी प्लायवुड, त्यावर थर्माकोल आणि मग टाकी. भिंतीला लागून ठेवा, खोलीच्या मधोमध नको. शेजारी सोफा किंवा खुर्चीही नको, कुत्र्याला ती पायरी होते.

झाकण काचेचं किंवा ॲक्रिलिकचं करू नका, कवच घट्ट राहायला लागणारे यूव्हीबी (अतिनील) किरण अडतात आणि कवच मऊ पडतं. ॲल्युमिनियमच्या चौकटीत अर्ध्या इंचाची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली लोखंडी) जाळी बसवून बिजागरी आणि कडी लावा. नुसती वर ठेवलेली जाळी लॅब नाकाने सरकवतो.

वायरमन_पुणेकर:
विजेकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं. ऊन देणारा दिवा चिमट्याने टाकीच्या काठाला लावतात. कुत्र्याचं शेपूट किंवा पंजा लागला की तो पाण्यात तरी पडतो, नाहीतर पडद्यावर. दिवा भिंतीला ब्रॅकेट ठोकून पक्का करा. वायर केसिंग पट्टीत घाला, प्लग बंद कप्प्यात. प्लगपर्यंत जाताना वायर खाली झोल देऊन वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोलातून टपकतं, सॉकेटमध्ये शिरत नाही. त्या लाइनला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की लगेच वीज तोडणारा स्विच, हवाच. फिल्टरचे पाइपही कप्प्यातच घ्या. कुत्र्याने पाइप चावला तर सायफनने टाकी फरशीवर रिकामी होते.

सोड_म्हटलं_की_सोड:
कुत्र्याची तयारी कासव यायच्या आधी करा. 'सोड' हा शब्द आधी बिस्किटावर, मग लोळणाऱ्या चेंडूवर पक्का होऊ द्या. टाकी आली की पट्टा लावून आठ-दहा फुटांवर बसवा. तिच्याकडून नजर काढून तुमच्याकडे पाहिलं की लगेच खाऊ. रोज पाच मिनिटं पुरे, अंतर हळूहळू कमी करा. तोंड मिटून, अंग ताठ करून, टक लावून पाहत असेल तर तो शांत नाही, मागे न्या. काचेला पंजे मारणं, कुईकुई करणं हेही तसंच. आणि कितीही शिकला तरी घरी कोणी नसताना मधलं दार किंवा बेबी गेट बंद.

कासवाकडेही लक्ष ठेवा. ऊन खायला वर येणं बंद झालं, कुत्रा दिसताच पाण्यात उडी मारत असेल, तर त्या बाजूच्या काचेला बाहेरून कागद चिकटवा.

कवचकुंडल:
पाण्याचा प्रश्न राहिला. कासव ठणठणीत दिसलं तरी विष्ठेतून साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जंतू बाहेर पडतो. कुत्रा ते पाणी प्यायला तर जुलाब, उलट्या, ताप येऊ शकतो, किंवा काहीच न होता तो जंतू बाळगतो आणि मुलीचं तोंड चाटतो. पाच वर्षांखालच्या मुलांना हा जास्त बाधतो. अमेरिकेत ४ इंचांहून लहान कासवं पाळायला विकण्यावर १९७५पासून बंदी आहे ती याचसाठी. टाकीची बादली, पाइप, स्पंज वेगळे ठेवा. घाण पाणी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये नाही, संडासात ओता. हात दर वेळी साबणाने धुवा. मुलीने सध्या नुसतं बघावं.

पाणवठा:
फार उपयोग झाला, आभार. संध्याकाळी कासवाला थोडा वेळ फरशीवर फिरू द्यावं का? आणि समजा चावलाच, तर?

कवचकुंडल:
फरशीवर नको. त्याला त्याची गरज नसते, अंग मात्र सुकतं आणि सोफ्याखाली गेलं की कुत्र्याच्या आधी तुम्हाला सापडत नाही.

चावलाच तर पाण्यात परत सोडू नका, जखमेतून पाणी आत शिरतं. सलाइनने हलकेच धुवा, सलाइनमध्ये भिजवलेलं गॉज ठेवा, भोकं असलेल्या खोक्यात कोरड्या टॉवेलवर ठेवून त्याच दिवशी सरपटणारे प्राणी हाताळणाऱ्या व्हेटकडे न्या. ओरखडा वाटला तरी न्या, सुळ्याची जखम वरून बारीक आणि आत खोल असते. एम-सील, फेविक्विक लावून तडा बुजवू नका, आत पू कोंडतो. कुत्र्याचं कुठलंही औषध देऊ नका. विशेषतः जंत-गोचिडांसाठीचं आयव्हरमेक्टिन कासवाच्या जिवावर बेततं. कुत्र्याच्या मानेवर गोचिडांचे थेंब टाकलेत, तर तेच हात टाकीत घालू नका.