उकाड्यातली लोकर : क्रोशाच्या टोप्या, बाहुल्या आणि आपण

पर्वरी (चर्चेचा धागा सुरू करते आहे)

मे महिन्यात बाल्कनीत बसून लोकरीची टोपी विणत होते. खालून शेजारच्या काकींनी हाक मारली, "काश्मीराक वता गो तूं?" तेव्हापासून हा धागा डोक्यात आहे. अंगाला चिकटणारी हवा, पंखा फुल्ल, आणि आपण मांडीवर लोकरीचा गुंडा घेऊन बसलेलो. गोव्यात राहून क्रोशाच्या टोप्या आणि बाहुल्या करणाऱ्यांनी इथे यावं आणि वर नावाऐवजी आपलं गाव टाकून लिहावं. पॅटर्न नकोत, ते ढिगाने मिळतात. फसलेलं आधी लिहा.

सुरुवात माझ्यापासून. पहिली टोपी भाच्यासाठी केली. टोपीचा माथा म्हणजे एक सपाट चकती, ती पुरेशी मोठी झाली की टाके वाढवणं थांबवायचं आणि सरळ खाली उतरायचं, इतकंच ठाऊक होतं. पुरेशी म्हणजे किती, हे कोणी सांगितलंच नव्हतं. अंदाजाने गेले आणि जे झालं ते भाताच्या टोपावर झाकायला बरं होतं. शाळेतलं गणित फार उशिरा आठवलं. डोक्याचा घेर भागिले 3.14, म्हणजे चकतीचा व्यास. घेर 52 सेंमी असेल तर साधारण साडेसोळा, त्यातून दीड-दोन सेंमी कमी, कारण विणलेलं ताणतं. चकतीच्या कडेला झालर पडायला लागली तर टाके जास्त वाढवलेत, वाटीसारखी वळायला लागली तर कमी. हे दोन्ही मी एकाच टोपीत केलं होतं.

साखळी

माझं गावच साखळी, त्यामुळे साखळ्या घालणं जन्मजात. (हा विनोद सासरी पंधरा वर्षं चालला आहे, इथेही खपवून घ्या.)

आईचा क्रोशा म्हणजे बारीक पोलादी सुई, पांढरा दोरा, रुमालांच्या कडा, टीव्हीवरचं झाकण, दाराचं तोरण. साखळी, मुका खांब, खांब, जोडखांब ही टाक्यांची नावं मी अक्षरओळखीआधी शिकले असेन. पण बाहुली करायला बसले तेव्हा कळलं की हात उलटा वळवावा लागणार. आईच्या कामात भोक हीच नक्षी. बाहुलीत भोक राहिलं की पोटातलं बाहेर डोकावतं. त्यामुळे सगळे मुके खांब, म्हणजे बुटके टाके, तेही घट्ट, आणि सुई लेबलवर लिहिलेली असते त्याहून बारीक. 4 मिमी सुचवलेल्या लोकरीला मी अडीचची घेते. पहिल्या आठवड्यात अंगठा धरला होता.

आई सहा साखळ्या जोडून कडी करायची आणि त्यात खांब भरायची. त्या कडीच्या मधलं भोक कायम राहतं. मी तिला बोटाभोवती दोरा गुंडाळून त्यात सहा मुके खांब घालून दाखवले आणि दोऱ्याचं सुटं शेपूट ओढलं. भोक मिटलं. ती अठ्ठ्याहत्तर वर्षांची. चष्मा वर करून म्हणाली, "गेलं कुठं?" मग दुपारभर तिने नुसत्या कड्या घातल्या आणि ओढल्या.

डिचोली

वरच्या ताईंनी सहा टाके लिहिले, तिथूनच माझं दुःख सुरू होतं. सहा, बारा, अठरा, चोवीस, तीस, छत्तीस. प्रत्येक फेरीत सहा वाढवत जायचं, मग काही फेऱ्या न वाढवता विणायच्या आणि शेवटी तसंच कमी करत आलं की डोकं गोल होतं. ह्या प्रकाराला जपानीत अमिगुरुमी म्हणतात, विणलेली भरीव बाहुली असा अर्थ. ह्यात फेरी संपते कुठे ते दिसतच नाही, शंखासारखी सलग वर चढत जाते. म्हणून पहिल्या टाक्यात खूण अडकवायची. मी सेफ्टी पिन लावते. फेऱ्या मोजायला दोन वाट्या आणि चिंचोके घेतले होते, एक फेरी झाली की एक चिंचोका इकडून तिकडे. नातवाने मधे येऊन तीन उचलले. त्या अस्वलाचं डोकं दुधी भोपळ्यासारखं आहे, आणि नातवाला तेच सगळ्यात आवडतं.

म्हापसा

तुम्ही सगळ्या विणण्याबद्दल लिहिताय, मी भरण्याबद्दल लिहिते, कारण माझं तिथे वाटोळं झालं.

घरात जुन्या गादीचा कापूस होता. पिंजून घेतलेला, पांढराशुभ्र. फुकटचं भरण सापडलं म्हणून मी उड्या मारल्या. मार्च ते मे आठ बाहुल्या झाल्या, त्यातला ससा तर पुस्तकात छापावा असा. जूनमध्ये पाऊस लागला. जुलैच्या शेवटी कपाट उघडलं तर वास आधी बाहेर आला. वरून लोकर ठीक, ॲक्रिलिकच होती, तिला काही होत नाही. आतला कापूस ओल धरून बसलेला. सशाच्या पाठीवर हिरवट-काळे ठिपके. धुतलं. धुतल्यावर कापसाचे गोळे झाले, आणि पावसाळ्यात ते वाळणार कुठे? फ्रीजच्या मागे ठेवले, गॅसच्या बाजूला ठेवले, इस्त्रीसुद्धा फिरवून पाहिली. अकराव्या दिवशी ससा हातात घेतला तर आत अजून थंड लागत होता. उसवून टाकला.

आता फक्त पॉलिएस्टरचा फायबर, उशांत भरतात तो. पाणी धरत नाही, पिळून टांगला की पंख्याखाली रात्रीत वाळतो. भरताना मूठभर एकदम कोंबायचा नाही, चिमटीने सुटा करत कडेकडेने भरायचा, मान मात्र दगडासारखी. मान मऊ राहिली की महिन्याभरात डोकं लुळं पडतं. आणि पावसाळ्यात बाहुल्या कपाटात बंद करायच्या नाहीत, बाहेर शेल्फवर ठेवायच्या. धूळ बसते ती झटकता येते.

लोकर मी शुक्रवारच्या बाजारात घेते तेव्हा आता आधी वास घेते. दुकानदाराला वाटतं बाई चक्रम आहे.

पर्वरी

म्हापशाच्या ताई, नाक माझंही आता असंच झालं आहे. चालू द्या.

फोंडा

मी पुरुष आहे, निवृत्त आहे, आणि क्रोशा करतो. हे एकदा लिहून टाकलं की पुढचं सोपं जातं.

नातीने शाळेत गोव्याचा राज्यप्राणी शिकला आणि मला गवा रेडा हवा म्हणून बसली. हत्ती, सिंह सगळीकडे मिळतात. गवा कोण विकणार? मोलेच्या जंगलाच्या बाजूला एकदा संध्याकाळी रस्त्याकडेला उभा पाहिला होता, ते रूप डोळ्यांसमोर ठेवून सुरू केलं. काळपट तपकिरी अंग, पाठीवरचा उंचवटा, आणि गुडघ्याखाली पांढरे मोजे घातल्यासारखे पाय. मोज्यांनीच घाम काढला. रंग बदलायचा तर जुन्या रंगाचा शेवटचा टाका पुरा करताना शेवटची ओढ नव्या रंगाने घ्यायची, हे समजायला दोन पाय गेले. तरीही चढत्या फेरीमुळे रंगाची कड एका जागी पायरीसारखी उडी मारतेच. मी चारही पायांची पायरी आतल्या बाजूला वळवून शिवली. कोणाला दिसत नाही.

नातीने दोन्ही हातांत उचलला, नीट निरखला आणि विचारलं, "आजोबा, हा चिखलातून आला ना, मग पाय धुतले कोणी?"

मडगाव

आमच्या वाड्यावर 24 जूनला सांजांव, म्हणजे विहिरीत उड्या मारायचा सण, जोरात असतो. शेजारच्या आंटीच्या जावयाचा पहिलाच सांजांव, मी म्हटलं कोपेल मी करते. डोक्यावर घालायचा तो पानाफुलांचा मुकुट क्रोशाने करावा, अशी हौस. हिरव्या सुती दोऱ्याची वेल, पाच पाकळ्यांची लाल फुलं, दोन आठवडे खपले. सगळे वाहवा करत होते. मग जावई विहिरीत उडी मारून वर आला. सुती दोरा पाणी किती पितो ते मी त्या दिवशी पाहिलं. कोपेल आधी डोळ्यांवर, मग नाकावर, मग गळ्यात. आणि लाल रंग कपाळावरून ओघळतोय. आंटी किंचाळली, तिला वाटलं डोकं फुटलं.

पुढच्या वर्षी ॲक्रिलिकची केली, रंग आधी पाण्यात बुडवून तपासले. तीही आंटीने शोकेसमध्ये ठेवली, विहिरीसाठी खरी फुलंच.

पणजी

माझं थोडं वेगळं आहे. वहिनीची केमो बांबोळीच्या इस्पितळात चालली होती. केस गेल्यावर विग आणला, तो उकाड्यात दहा मिनिटंही टिकेना. मी टोपी करते म्हटलं.

पहिली उरलेल्या लोकरीची. तिने घातली, काही बोलली नाही, रात्री काढून उशाखाली ठेवलेली दिसली. टोचत होती. त्या दिवसांत डोक्याची कातडी इतकी नाजूक होते की आपल्याला मऊ वाटणारी लोकरही काट्यासारखी लागते. दुसरी मऊ सुती दोऱ्याची केली. तीही नको. का, तर माथ्यावर जिथून सुरुवात केली तिथे मी दोऱ्याची गाठ मारून ठेवली होती. आडवं पडलं की ती बरोबर रुते. वाटाण्याएवढी गाठ, पण तिला रात्रभर तीच जाणवत राहायची. तिसऱ्या टोपीला गाठ नाही, फेरी जोडल्याची शिवण नाही, आणि सुरुवातीचं शेपूट बाहेरच्या बाजूने टाक्यांत लपवलेलं. ती घातली.

आणखी एक गोष्ट मला सुचली नव्हती. मी दिवसाची टोपी करत होते, चारचौघांत दिसायची. तिला हवी होती रात्रीची. वॉर्डात एसी, आणि केस नसलेल्या डोक्याला गार किती लागतं ते आपल्याला कळत नाही. रंगही मी फिका गुलाबी घेतला होता. तिने शेंदरी मागितला.

केस येऊन आता दोन वर्षं झाली. ती टोपी परत मिळालेली नाही, स्कूटर चालवताना हेल्मेटच्या आत घालते.

काणकोण

बारशाला कुंची आणि टोपडं दोन्ही केलं होतं, जाळीदार. दोन सूचना मिळाल्या. पहिली आजेसासूबाईंची : तान्ह्याची बोटं जाळीत अडकतात, भरीव विण. दुसरी बाळाच्या डॉक्टरांची : घरात झोपवताना टोपी नकोच, बाळं डोक्यावाटे उष्णता सोडतात, तापून निघतील. म्हणजे टोपडं फोटोपुरतं. फोटो सुंदर आलेत.

पेडणे

मी विकते, म्हणून पैशाचं लिहिते. हंगामात किनाऱ्याकडे एका ठिकाणी टेबल लावते. हाताच्या वितीएवढा ऑक्टोपस, दोरा पन्नास-साठ ग्रॅम, वेळ पाच-सहा तास, किंमत सहाशे. एक बाई म्हणाल्या, "हातानेच केलंय ना? मग स्वस्त हवं." मला हसावं की रडावं कळेना. दुसरे म्हणतात, ऑनलाइन दीडशेला मिळतो. मिळत असेल. पण क्रोशा मशीनवर होत नाही. स्वेटर होतो, सुयांचं विणकाम होतं, हे नाही. म्हणजे दीडशेचा खरोखर क्रोशाचा असेल, तर तोही कोणीतरी बसून हातानेच केला आहे. तिला त्यातले किती मिळाले, हा विचार गिऱ्हाइकाच्या डोक्यात येत नाही, माझ्या येतो.

दुसरी कटकट टीव्हीवरच्या पात्रांची. पोरं तीच मागतात. भाच्यासाठी घरी केलं ते ठीक, पण ती पात्रं दुसऱ्याच्या मालकीची, त्यांच्या बाहुल्या मी टेबलावर ठेवत नाही. त्याऐवजी आपलीच पात्रं करते. मासे विकणारी बाई, तिच्या टोपलीत बांगडे. दिवाळीआधी नरकासुर, जीभ बाहेर काढलेला. आणि पोदेर, म्हणजे सायकलवरून येणारा पाववाला. सायकल जमली नाही, नुसता उभा आहे, पण हातात भोंगा आणि टोपलीत काकणं, बांगडीच्या आकाराचे पाव. काकणं म्हणजे साखळीची कडी आणि वर एक फेरी, पाच मिनिटांचं काम. पोदेर सगळ्यात जास्त खपतो. घेणारे बहुतेक गोंयकारच, गाव सोडून गेलेले.

पर्वरी

पोदेर माझ्यासाठी एक ठेवा. पैसे पूर्ण देईन, काकणं जास्त घाला.

वास्को

छोटंसं. मी डावखुरी. सगळे व्हिडिओ उजव्यांचे. दोन वर्षं मी फोन आरशासमोर धरून शिकले, मग मुलाने सांगितलं की व्हिडिओ उलटा करता येतो. दोन वर्षं!

कुंकळ्ळी

मुलगा परदेशात. चवथीला घरी येता येत नाही, तिकडे माटोळीचं, म्हणजे गणपतीच्या वर टांगतात त्या फळाफुलांच्या चौकटीचं, सामान कुठून मिळणार? मी क्रोशाची माटोळी करून पाठवायची ठरवली. नारळ, सुपारीचा घोस, काकडी, तोरिंजन, लाल कांगलां. सुपाऱ्या छत्तीस केल्या, प्रत्येकीत चिमूटभर फायबर.

सासूबाईंना पटलं नाही. माटोळी रानातली असते, म्हणाल्या, ती टांगायची, सुकायची, पुढच्या वर्षी परत रानात जाऊन आणायची. लोकरीची वर्षानुवर्षं तीच टांगून ठेवणार काय? मला उत्तर सुचलं नाही. अजून सुचलेलं नाही. पार्सल मात्र केलं.

तिकडून फोन आला की टांगायला उंचीवर खिळाच नाही, भाड्याच्या घरात ठोकता येत नाही. मग सगळं चटईवर मांडलं. नातू दीड वर्षाचा. तो रांगत गेला आणि लोकरीची काकडी उचलून चावायला लागला. सूनबाई घाबरली, बाहुल्यांना लावतात तसले प्लास्टिकचे डोळे ह्याला आहेत का विचारू लागली. लहान मुलांच्या तोंडात सुटून जातात म्हणून मी डोळे नेहमी दोऱ्यानेच भरते. पण काकडीला डोळे कशाला असतील? म्हटलं, चावू दे.