नवा फोन घेतला, आता 'परवानगी द्या' किती वेळा म्हणायचं?

जुना_गार्ड (भुसावळ)

नमस्कार मंडळी. मी मालगाडीवर गार्ड होतो. २०२२ साली या पदाला 'ट्रेन मॅनेजर' म्हणायला लागले, पण मी त्याआधीच रिटायर झालो, म्हणून गार्डच.

मागच्या आठवड्यात जळगावला जाऊन नवा फोन घेतला. जुन्याची काच तडकलेली, बॅटरी दुपारी तीनलाच मान टाकायची. दुकानातल्या पोराने त्याचे हजार रुपये वळते केले आणि जुन्यातलं सगळं नव्यात ओढून दिलं. स्क्रीनवर काही विचारलं की याचा अंगठा 'अलाऊ'वर. मी म्हटलं, बाबा, वाचू तर दे. म्हणे, "काका, वाचत बसाल तर गाडी चुकेल तुमची."

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेत होतो, तर फोनने आपणहून एक फोटो पुढे केला. 'सहा वर्षांपूर्वी, आजच्या दिवशी.' मनुदेवीच्या धबधब्याजवळ ही उभी आहे, पदर भिजलेला, हातात कळण्याच्या भाकरीचा तुकडा, आणि मला रागावून काहीतरी सांगतेय. ही जाऊन दोन वर्षं झाली. फोटो बघून बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. मग खाली बघितलं तर हिचा चेहरा एका गोलात. गोलावर बोट ठेवलं तर दोनशेच्या वर फोटो ओळीने आले. नातवाच्या बारशात ती पार मागे, पाळण्याच्या दोरीआड अर्धी दिसते, तीसुद्धा शोधून काढलेली. ही माझी कोण, हे मी फोनला कधी सांगितलं नव्हतं.

ड्युटीवर माझ्याकडे जर्नल असायचं. कुठल्या स्टेशनला किती वाजता, किती मिनिटं थांबलो, का थांबलो. लिहिणारा मी, खाली सही माझी. कुणी मागितलं तर कशाला हवंय ते सांगून मागायचा. आता माझं जर्नल दुसराच कुणी लिहितोय.

तर हे फोटो फोनात आहेत की कंपनीकडे? चेहरे ओळखणं बंद केलं तर फोटो जातील का? आणि या कंपन्यांवर तुम्ही कितपत भरवसा ठेवता? 'ठेवूच नका' असं सांगू नका. पेन्शनचं जीवन प्रमाण, म्हणजे हयातीचा दाखलाही, आता फोनला चेहरा दाखवून होतं.

गोलाणीवाला (जळगाव)

काका, मी त्याच धंद्यातला. पोराची बाजू घेत नाही, पण गिऱ्हाईकच 'लवकर कर' म्हणून डोक्यावर बसतं.

गूगल फोटोज असेल तर वर उजवीकडे तुमच्या गोलावर दाबा. 'बॅकअप' चालू दिसलं तर एक प्रत कंपनीच्या सर्व्हरवर आहे. सेटिंगमध्ये 'फेस ग्रुपिंग' सापडेल. ते बंद केलं की चेहऱ्यांचे गट पुसले जातात, फोटो राहतात. मात्र जागा करायला म्हणून त्याच अ‍ॅपमधून फोटो उडवू नका. बॅकअप झालेला फोटो तिथून डिलीट केला की वरची प्रतही जाते. ६० दिवस कचरापेटीत असतो, मग कायमचा गेला. माझ्या दुकानात यावरून लोक रडलेत.

वरच्या कोपऱ्यात हिरवा ठिपका दिसला तर कॅमेरा किंवा माइक चालू आहे असं समजा. अँड्रॉइड १२ पासून ही सोय आहे.

आता माझा प्रश्न. हजार रुपयांत दिलेला जुना फोन तुमच्यासमोर रिसेट केला का?

केळीबाग_ताई (यावल)

काका, आमच्या घरात घडलेलं सांगते. खताच्या वेळी भावाने एका अ‍ॅपवरून आठ हजार उचलले. हप्ता चार दिवस लांबला, तर त्याच्या फोनातल्या सगळ्या नंबरांवर 'हा चोर आहे' म्हणून मेसेज. आमच्या केळीच्या व्यापाऱ्यालासुद्धा! रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२२ मध्येच सांगितलंय की कर्जाच्या अ‍ॅपने कॉन्टॅक्ट लिस्ट, कॉल लॉगला हात लावायचा नाही. पण आधी 'अलाऊ' दाबलेलं होतं ना.

मोठ्या कंपन्या असं दारात येऊन शिव्या देत नाहीत, एवढाच फरक. व्हॉट्सअ‍ॅपच्या २०२१ च्या अटींवरून स्पर्धा आयोगाने नोव्हेंबर २०२४ मध्ये मेटाला २१३ कोटींचा दंड लावला. अटी काय होत्या? डेटा वाटून घेऊ द्या, नाहीतर अ‍ॅप सोडा. आपल्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात लिहिलंय, संमती जितक्या सहज दिली तितक्याच सहज मागे घेता आली पाहिजे. दिली एका अंगठ्यात. मागे घ्यायला मी काल सेटिंगमध्ये सात पानं उलटली.

अमळनेरी_भाऊ

काका, आमना जोडे लपाडाले शे काय? दोन एकर कापूस आन् एक म्हैस. नेऊ द्या डेटा.

जुना_गार्ड (भुसावळ)

भाऊ, सरकीच्या वॅगनलाही सील असायचं. सरकी कोण लपवतो? पण सील तुटलेलं दिसलं की मला तिथल्या तिथे नोंद करावी लागायची. चोरी झाली की नाही, ते नंतर बघू.

गोलाणीवाले, तुमचा प्रश्न वाचला आणि पायातलं बळ गेलं. गाडी पूर्ण आली की नाही हे शेवटच्या डब्यावरून ओळखतात. जन्मभर मी त्याच डब्यात बसलो, आणि माझाच शेवटचा डबा दुकानात सोडून आलो. आज सकाळच्या मेमूने जळगाव गाठलं. फोन काउंटरखाली खोक्यात, इतर वीसेक फोनांसोबत. चालू केला तर तडकलेल्या काचेमागे हीच, वॉलपेपरवर. बँकेचे मेसेज, आधारचा फोटो, सगळं जसंच्या तसं. पोरगा म्हणाला, "करणारच होतो काका, रविवारी." तिथेच उभा राहून रिसेट केला आणि नव्या फोनवर माझ्या अकाउंटमधून जुन्याचं नाव काढलं. हजार रुपये त्याचे त्याला ठेवू दिले, फोनही.

ताई, भावाला १९३० या सायबर हेल्पलाइनवर तक्रार करायला सांगा, केली नसेल तर.

संध्याकाळी अंगणात बसून परवानग्या काढल्या. टॉर्चच्या अ‍ॅपला माझं लोकेशन हवं होतं. उजेड पाडायला मी कुठे उभा आहे हे कशाला लागतं? काढलं ते अ‍ॅपच. कीबोर्डचा माइक बंद केला, पण मग बोलून टाइप होईना, म्हणून परत दिला. तिथे मी हरलो.

फेस ग्रुपिंगपर्यंत पोचलो होतो. बोट ठेवलं आणि उचललं. चालूच आहे अजून. हिच्या गोलाखाली फोन 'नाव जोडा' म्हणतो. ते मात्र लिहिलेलं नाही.