बोलत्या व्हिडिओंसाठी कॅमेरा कोणता आणि एडिटिंग कशावर?

भूमिती_सातारा:
नमस्कार मंडळी. मी साताऱ्यात नववी-दहावीला गणित शिकवत होते, आता निवृत्त आहे. प्रमेयं समजावणारे दहा-बारा मिनिटांचे मराठी व्हिडिओ करायचे आहेत. खुर्चीत बसून बोलणार, अधूनमधून आकृती दाखवणार. बजेट ६० हजार. दुकानदाराने सोनीचा झेडव्ही-ई१० कॅमेरा किट लेन्ससकट (सोबत मिळणाऱ्या साध्या लेन्ससकट) सुचवलाय, त्यातच बहुतेक पैसे जातील. भाचा म्हणतो एडिटिंगसाठी अ‍ॅडोबी प्रीमियर घे. लॅपटॉप आय-५, ८ जीबी रॅम, वेगळं ग्राफिक्स कार्ड नाही. घरच्या अँड्रॉइड फोनवर करून पाहिलं, तर ट्यूबलाइटमध्ये चित्रावरून आडव्या पट्ट्या सरकतात आणि आवाज विहिरीतून आल्यासारखा येतो. चांगला कॅमेरा घेतला की हे जाईल ना?

निखिल_पुणे:
झेडव्ही-ई१० मस्त आहे मॅडम. स्क्रीन पुढे वळते, चेहऱ्यावरचा फोकस सुटत नाही, बाहेरचा माइक जोडता येतो. मॉडेल २०२१चं असलं तरी या कामाला भरपूर झालं. डोळे झाकून घ्या.

एडिटर_कोल्हापूर:
मॅडम, घाई करू नका. माझं रोजचं काम एडिटिंगचं आहे आणि शिकवण्यांचे व्हिडिओ बरेच हाताखालून जातात. कॅमेऱ्याबद्दल निखिल म्हणतो ते खरं आहे, पण तुमच्या दोन्ही अडचणी नुसत्या कॅमेऱ्याने जाणार नाहीत.

आधी पट्ट्या. आपल्याकडे वीज ५० हर्ट्झची, म्हणजे साधी ट्यूब सेकंदाला १०० वेळा मंद-तेज होते. शटर, म्हणजे एका फ्रेमला उजेड घ्यायचा वेळ, १/६० सेकंदावर असलं की प्रत्येक फ्रेममध्ये उजेड कमीजास्त पकडला जातो, त्या पट्ट्या. शटर १/५० किंवा १/१०० करा, पट्ट्या गेल्या. महागड्या कॅमेऱ्यातही हे सेटिंग करावंच लागतं. फोनवर ओपन कॅमेरा हे मोफत अ‍ॅप टाका, त्याच्या सेटिंगमध्ये ‘कॅमेरा२ एपीआय’ हा पर्याय निवडा. फोनची साथ असेल तर शटर हाताने लावता येतं. अमेरिकेतल्या यूट्यूबरांचं ऐकून १/६० लावू नका, त्यांची वीज ६० हर्ट्झची आहे.

नाहीतर ट्यूब बंदच करा आणि दिवसा खिडकीकडे तोंड करून बसा. खिडकी पाठीमागे आली की चेहरा काळा पडतो. मागचा कॅमेरा वापरा, बहुतेक फोनमध्ये तो पुढच्यापेक्षा बराच सरस असतो. फोन स्टँडवर, लेन्स डोळ्यांच्या उंचीला.

आता आवाज, आणि हे मी अगदी कळकळीने सांगतो. चित्र जरा मळकं असलं तर मुलं चालवून घेतात, शब्द कळला नाही की व्हिडिओ बंद करतात. बोया बीवाय-एम१ हा वायरवाला कॉलर माइक घ्या. वायर सहा मीटरची आहे, फोन लांब ठेवता येतो. त्याच्या डबीवरचं बटण स्मार्टफोनकडे ठेवायचं. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचा अडॅप्टर लागेल. माइक हनुवटीखाली वीतभर अंतरावर लावा. साडी असेल तर पदराच्या सुट्या घडीवर नको, हाललात की खसखस येते. मंगळसूत्राची वाटीही माइकवर आपटू देऊ नका, तो ‘टक’ एडिटिंगमध्ये काढताना शब्द तुटतो. पंखा बंद. तुमच्या समोरच्या भिंतीवर, म्हणजे फोनच्या मागे, दोन गोधड्या टांगा आणि फरशीवर सतरंजी टाका. घुमणारा आवाज तिथेच निम्मा मरतो.

पाच-सहा व्हिडिओ करा, मग कॅमेऱ्याचं बघू. किट लेन्सवर मागचं धूसर फारसं होत नाही, त्यासाठी एफ १.४ची, म्हणजे जास्त उघडणारी लेन्स वेगळी घ्यावी लागते. तो खर्च दुकानदाराने धरलेला दिसत नाही.

निखिल_पुणे:
फोनचा एक तोटा राहिला. मध्येच कॉल येतो, स्टोरेज भरतं, उन्हाळ्यात गरम होऊन रेकॉर्डिंग थांबतं.

एडिटर_कोल्हापूर:
बरोबर. विमान मोड लावायचा आणि प्रमेयाचा एकेक टप्पा वेगळा शूट करायचा. चूक झाली तर तेवढाच तुकडा परत.

भूमिती_सातारा:
गोधड्या घरात आहेत, माइक आजच मागवते. सॉफ्टवेअरचं काय? मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमध्ये ‘त्रिकोण’ लिहिलं तर वेलांटी त्र सोडून क ला जाऊन चिकटली. गणिताच्या व्हिडिओत असं चालायचं नाही.

एडिटर_कोल्हापूर:
नाहीच चालणार, आणि बाईंच्या व्हिडिओत तर मुळीच नाही. शॉटकट हे एडिटिंगचं सॉफ्टवेअर घ्या. मोफत आहे, व्हिडिओवर त्याचा शिक्का (वॉटरमार्क) येत नाही. जोडाक्षरं आणि वेलांट्या जागेवर राहतात. फॉन्ट मुक्ता किंवा बालू वापरा, दोन्ही मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या संस्थेचे, फुकट मिळतात. जुन्या नोट्स श्रीलिपीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतील तर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसेल.

डाव्हिन्ची रिझॉल्व्ह या दुसऱ्या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती मी स्वतः रोज वापरतो, फार ताकदीचं सॉफ्टवेअर आहे. पण त्याला १६ जीबी रॅम आणि बरं ग्राफिक्स कार्ड लागतं, तुमचा लॅपटॉप दर कटला अडकेल. प्रीमियरमध्ये मराठीसाठी टेक्स्ट इंजिनचं सेटिंग बदलावं लागतं आणि पैसे भरत राहावे लागतात. तुमचं काम कापणं, जोडणं आणि आकृती टाकणं एवढंच आहे.

शॉटकटमध्ये प्रॉक्सी चालू करा, म्हणजे तो एडिटिंगपुरती हलकी प्रत वापरतो. १०८०पीच शूट करा, ४के नको. आकृत्या जिओजेब्रा या भूमितीच्या सॉफ्टवेअरमध्ये काढून पीएनजी चित्र म्हणून साठवा आणि वरच्या ट्रॅकवर ठेवा.

फोनच्या व्हिडिओत आवाज ओठांच्या मागेपुढे होत गेला, तर त्याचा फ्रेम रेट, म्हणजे सेकंदाला किती फ्रेम हा आकडा, स्थिर नाही असं समजा. ती फाइल हँडब्रेक या व्हिडिओ बदलून देणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉन्स्टंट फ्रेमरेट’ निवडून एकदा काढा, मग शॉटकटमध्ये घ्या.

माइक आला की दोन मिनिटांचा तुकडा इथे टाका मॅडम. हेडफोन लावून ऐकतो आणि गोधडी कुठे सरकवायची ते सांगतो.