सल्ला हवा: ‘कोणी किती तारे दिले’ छापाची तर्ककोडी सुटत नाहीत

खिडकीजवळची_खुर्ची
नमस्कार मंडळी. राज्यसेवा पूर्वपरीक्षेची तयारी करून राहिली आहे, नागपूरच्या नंदनवनमधल्या एका अभ्यासिकेत. पेपर दोनमध्ये ८० प्रश्न, वेळ दोन तास, म्हणजे प्रश्नामागे दीड मिनिट. उतारे जमतात. पण ग्राहकांच्या रेटिंगचं कोडं आलं की दहा मिनिटं जातात आणि वरून उत्तरही चुकतं. काल क्लासमध्ये हे दिलं होतं:

काका, मावशी, वहिनी, दादा आणि आजोबा एका झणझणीत सावजी खानावळीत जेवले. प्रत्येकाने १ ते ५ मधले पूर्ण तारे दिले. सरासरी ३.८. नेमका एकानेच १ तारा दिला. काका-मावशींचे तारे सारखे. वहिनींनी दादापेक्षा २ तारे कमी दिले. आजोबांचे तारे वहिनींपेक्षा जास्त. कोणी किती दिले?

मी काका-मावशींना ४-४ धरून निघाले. दोन पानं भरली, काही जुळलं नाही. पद्धत सुचवा, पुस्तक सुचवा, काहीही चालेल.

तर्री_जास्त
चौकट काढ ना ताई. आडवे लोक, उभे तारे, फुल्या मारत जा. आम्ही बँकेच्या परीक्षेले हेच करत होतो.

खिडकीजवळची_खुर्ची
काढली होती भाऊ. पण ‘सारखे’, ‘दोनने कमी’ असल्या अटींनी एकही घर थेट कटत नाही. २५ घरं माझ्याकडे बघत बसली.

धंतोलीतला_मास्तर
पोरी, माणसांपासून सुरुवात करू नकोस, आकड्यापासून कर. सरासरी दिसली की आधी तिची बेरीज करून टाक. ३.८ गुणिले ५ म्हणजे १९. त्यातला एकाचा १ बाजूला ठेव. उरले चौघे आणि १८ तारे. चौघांनीही पाच-पाच दिले असते तर २० झाले असते, म्हणजे चौघांत मिळून फक्त दोन तारे कापले गेलेत. एकतर एकट्यानेच दोन कापले (५, ५, ५, ३), नाहीतर दोघांनी एकेक (५, ५, ४, ४). तिसरा मार्ग नाही. पाच जणांना पाच पर्याय म्हणजे एकूण ३१२५ प्रकारे तारे वाटता येतात, त्यातून दोन संच उरले. आणि अजून आपण ‘कोणी’ला हातही लावलेला नाही.

आता वहिनी-दादांमधला दोनचा फरक बघ. दुसऱ्या संचात १, ४ आणि ५ एवढेच आकडे. त्यांच्यात फरक एकचा, तीनचा किंवा चारचा पडतो, दोनचा पडतच नाही. संच बाद. तुझे ४-४ इथेच संपले होते, पुढचं दीड पान उगाच गेलं. पहिल्या संचात काका-मावशी सारखे म्हणजे ५-५. उरले ५, ३, १. दादाला ५ दिले तर वहिनी ३ आणि आजोबा १, पण आजोबा वहिनींच्या वर हवेत. म्हणून दादा ३, वहिनी १, आजोबा ५.

वहिनींना सावजी झेपलेलं दिसत नाही.

उन्हात_भटकंती
मास्तर, मान राखून सांगतो, हे लांबून झालं. आणि ताई, चौकटीला बोल लावू नका, ती कटत होती. फक्त एवढं विचारा: तो १ तारा कोणाचा असू शकतो? काका-मावशी सारखे, तिथे १ आला तर दोघांचा येईल, आणि १ तर नेमका एकाचाच. दादा वहिनींपेक्षा दोनने वर, म्हणजे कमीत कमी ३. आजोबाही वहिनींच्या वर, म्हणजे कमीत कमी २. उरल्या वहिनी. वहिनी १, दादा ३. १९ मधून ४ गेले, राहिले १५, तिघांचे. प्रत्येकी जास्तीत जास्त ५, म्हणून तिघांचेही ५. चाळीस सेकंद.

तर्री_जास्त
काय राजेहो! हे तर पोहे यायच्या आत झालं.

धंतोलीतला_मास्तर
मान्य, परीक्षेत असंच करावं. पण आता आजोबांची अट खोडून बघा. मग १ आजोबांचाही असू शकतो आणि तुमची वाट तिथेच अडते. दोन फाटे करावे लागतात. माझ्या पद्धतीत तेव्हाही काका-मावशींचे ५-५ पक्के राहतात, दादा-वहिनी ५-३ की ३-१ एवढंच सुटत नाही. आयोगाला असले प्रश्न आवडतात: ‘खालीलपैकी कोणतं विधान निश्चितपणे बरोबर आहे?’ तिथे पूर्ण उत्तर शोधत बसणारा फसतो.

उन्हात_भटकंती
हे खरं. दोन्ही हत्यारं जवळ ठेवा.

बर्डीची_बाई
मी एक सांगू? माझ्या मुलाचे मार्क गणितात नाही, वाचण्यात जायचे. ‘नेमका’, ‘किमान’, ‘फक्त’ या शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करायला लावलं. वरच्या कोड्यात ‘नेमका एकानेच’च्या जागी ‘किमान एकाने’ असतं तर भटकंतींची पहिलीच पायरी गेली असती.

दुसरं म्हणजे ‘जर-तर’ उलटं वाचणं. ‘ज्याने ५ तारे दिले त्याने टिप दिली’ हे वाक्य तपासायचंय. चार चिठ्ठ्या आहेत, एका बाजूला तारे, दुसरीकडे टिपचं. समोर दिसतंय: ५ तारे, ३ तारे, टिप दिली, टिप नाही. कोणत्या उलटायच्या? बहुतेक लोक ‘५ तारे’ आणि ‘टिप दिली’ म्हणतात. बरोबर आहे ‘५ तारे’ आणि ‘टिप नाही’. टिप देणाऱ्याने २ तारे दिले तरी वाक्य खोटं पडत नाही ना. मूळ प्रयोग पीटर वेसन या मानसशास्त्रज्ञाचा, १९६६ चा. टिप माझी.

खिडकीजवळची_खुर्ची
काकू, मीही ‘टिप दिली’च म्हटलं होतं 🙈
आणि पुस्तक?

धंतोलीतला_मास्तर
नवीन घेऊ नकोस. आयोगाचे जुने पेपर उत्तरतालिकेसकट संकेतस्थळावर फुकट मिळतात, केंद्रीय सेवेचेही. रोज दोन कोडी, आणि सुटलेलं कोडं दुसऱ्या दिवशी एक अट खोडून पुन्हा. आठवड्यातून एक स्वतः रच. रचताना कळतं की कुठली अट काम करतेय आणि कुठली नुसती बसून आहे.

आज रात्रीसाठी एक घे. दुकानाचं रेटिंग ४.१ दिसतं. तारे पूर्ण आकड्यात, साधी सरासरी, दशांशाच्या एका घरापर्यंत जवळ केलेली. किमान किती जणांनी मत दिलं असेल?

तर्री_जास्त
दहा. ४१ भागिले १०. झोपा आता.

खिडकीजवळची_खुर्ची
दहा नाही भाऊ, सात! सगळ्यांचे चार-चार धरून एकच तारा वर चढवायचा. पाच जण असले तर ४.२ येतो, सहा असले तर ४.१६६, तोही ४.२ होतो. सात असले तर २९ भागिले ७, ४.१४, म्हणजे ४.१. पाचपेक्षा कमी असतील तर ४ नंतरचा आकडा अजूनच मोठी उडी मारतो.

धंतोलीतला_मास्तर
शाब्बास. वेळ किती लागला?

खिडकीजवळची_खुर्ची
दोन मिनिटं. अर्ध मिनिट अजून कापायचंय. पण मास्तर, आमच्या अभ्यासिकेखालच्या पोहेवाल्याला अॅपवर ४.१ आहे. त्यातली दोन मतं माझं आणि माझ्या रूममेटचं. उरलेले किमान पाच कोण, आम्ही तर तिथे कधी कोणाला बघितलं नाही.

तर्री_जास्त
एक मी. तर्री कमी टाकली म्हणून ३ दिले.