सेमी-ऑटो बारा बोअर: शौकिनाला परवाना का मिळू नये?

गिरगावकर: माझ्या आजोबांकडे बेल्जियममध्ये बनलेली ब्राउनिंग ऑटो-5 होती, सेमी-ऑटो बंदूक, म्हणजे घोडा दर वेळी दाबावा लागतो पण पुढचं काडतूस आपोआप आत येतं. मागच्या बाजूला कुबड, पोटात पाच काडतुसं. रविवारी ते जुनी चादर अंथरून ती उघडायला बसायचे. पुढचं लाकूड काढलं की आतल्या नळकांड्यावर एक स्प्रिंग आणि पोलादी कडी दिसायची. हलकी काडतुसं भरायची असतील तर कडी स्प्रिंगच्या मागे, जड असतील तर पुढे. कडी चुकली की धक्का वाढतो आणि लाकडाला तडे जातात, हे मी सातव्या वर्षी शिकलो. बार उडाला की नळी आणि तिचं मागचं तोंड बंद करणारा बोल्ट एकत्र मागे येतात, मग नळी पुढे सरकते, टरफल बाहेर पडतं, नवं काडतूस आत जातं. जॉन ब्राउनिंगने हे शंभराहून जास्त वर्षांपूर्वी जुळवलं. त्या माणसापुढे मी आजही हात जोडतो. आजोबा गेल्यावर बंदूक कायद्याप्रमाणे विक्रेत्याकडे जमा केली आणि ती आमच्या हातून गेली ती गेलीच.

आता तशी एक घ्यायची म्हटलं तर शस्त्र नियम 2016 मध्ये सेमी-ऑटो बंदुका प्रतिबंधित वर्गात आहेत. आयुक्तालयात अर्ज करून भागत नाही, विषय थेट केंद्रीय गृह खात्याचा. पंप-अ‍ॅक्शनची नळी 20 इंचांपेक्षा आखूड नसेल तर ती मात्र, म्हणजे पुढची मूठ हाताने मागेपुढे ओढून काडतूस बदलायची बंदूक, साध्या परवान्यावर चालते. .32 चं पिस्तूलही चालतं, आणि ते सेमी-ऑटोच असतं, वर खिशात मावतं! चार फुटी बंदूक कोण कुठे लपवणार? हा वर्ग बदलायला हवा असं माझं ठाम मत आहे.

लालबागकरीण: दादा, आजोबांची चादर डोळ्यांसमोर आली. तरीही माझा विरोध आहे. आमच्या चाळीत दोन खोल्यांमधली भिंत अजून फळ्यांची आहे आणि फळीपलीकडे माझी नात झोपते. नळावरून, गाडी लावण्यावरून इथे रोज हमरीतुमरी होते. लग्नात हवेत बार काढणाऱ्याला शस्त्र कायद्याच्या 2019 च्या दुरुस्तीने दोन वर्षांपर्यंत कैद ठेवली, ती उगाच नाही. आणि पिस्तूल चालतं म्हणून बंदूकही द्या, हे मला पटत नाही. मी म्हणेन पिस्तूलही बंद करा.

कुडाळ-डोंबिवली: गावाला आमची काजूची बाग आणि थोडं भात. शेतीसंरक्षणाचा परवाना आहे, बंदूक ठासणीची. डुकरं मारायला वेगळी परवानगी लागते, आम्ही नुसता आवाज काढतो. त्याला एक बार पुरतो. आमचं दुखणं निराळंच आहे. निवडणूक लागली की बंदूक ठाण्यात जमा, आणि गेल्या खेपेस नेमकं भात कापणीला आलं होतं. रात्रभर वडील पत्र्याचा डबा वाजवत बसले. शौकिनांसाठी वर्ग बदलण्याआधी आमच्याकडे बघा.

वरळीची नेमबाज: मी एअर रायफलवाली, पण ट्रॅपवाल्या, म्हणजे हवेत उडणाऱ्या चकत्यांवर बंदुकीने नेम धरणाऱ्या मैत्रिणी आहेत. स्पर्धेच्या नियमांत सेमी-ऑटो चालते, बंदी पंपवर आहे, म्हणजे आपल्या परवान्याच्या बरोबर उलट. बाराच्या गॅसच्या जोरावर काडतूस बदलणाऱ्या सेमी-ऑटोचा धक्का खांद्याला सौम्य लागतो, नवख्या मुलींना तो फरक मोठा असतो. तरी मोठे खेळाडू उभी दुनळीच, म्हणजे एकावर एक नळ्या असलेली बंदूक घेतात. नेमबाज राज्यवर्धनसिंह राठोडांनी 2004 मध्ये अथेन्स ऑलिंपिकला रौप्य मिळवलं ते डबल ट्रॅपमध्ये, तिथे एका वेळी दोन चकत्या उडतात आणि दोन बारच लागतात. त्यामुळे खेळाच्या नावाने सरसकट मोकळीक मागू नये. रेंजवर कुलपात राहील आणि तिथेच चालेल, एवढी मागणी मला रास्त वाटते.

गिरगावकर: रेंजवर ठेवायला मी आनंदाने तयार आहे. मला ती कपाटात नकोच, हातात हवी आहे, महिन्यातून एकदा का होईना.

लालबागकरीण: आज रेंजवर, उद्या घरी न्यायचा अर्ज. मला हे मान्य नाही.

विरारचा नवखा: गावाकडे एका ओळखीच्यांकडे आजोबांच्या काळची सेमी-ऑटो पडून आहे. परवाना कधीचाच संपलाय. स्वस्तात देतायत. घेऊ का?

गिरगावकर: हातही लावू नका! प्रतिबंधित शस्त्र विनापरवाना सापडलं तर 2019 पासून किमान 7 वर्षं, जास्तीत जास्त 14. त्यांनाही आजच सांगा, जवळच्या ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करा म्हणावं, आणि पावती घ्या. आधी वकिलाला विचारलंत तर उत्तमच.