मदत हवी आहे: दिल्ली-मोपा तिकिटाची तारीख बदलायला 29,400 रुपये मागतायत

माजगावकरीण | 19 ऑगस्ट 2024, 21:40
कृपया लवकर सांगा, डोकं चालेनासं झालंय. गणपतीसाठी दिल्लीहून मोपाची (गोव्याचा नवा विमानतळ) चार तिकिटं काढली आहेत. आता 5 सप्टेंबरची हवी आहेत. ॲपवर तारीख बदलायला गेलं की माणशी 3,250 बदल शुल्क आणि वर माणशी 4,100 भाड्यातला फरक दाखवतं. चौघांचे 29,400! एवढे पैसे घेऊ शकतात का? तक्रार कुठे करायची? यंदा सावंतवाडीजवळच्या माजगावच्या घरच्या गणपतीची पाळी आमची आहे, त्यामुळे जाणं टळणार नाही. आज रात्रीच भरून टाकू का? उद्या भाव आणखी चढेल अशी भीती वाटतेय.

विमानवेडा | 21:52
तारीख तुम्ही बदलताय म्हटल्यावर शुल्क लागणारच. स्वस्त तिकिटाची अटच तशी असते, तिकीट काढताना ती आपण मान्य केलेली असते. भाडेफरकाचं म्हणाल तर चतुर्थीच्या आठवड्यात भाव चढणारच. देशांतर्गत भाडी सरकार ठरवून देत नाही. पुढच्या वेळी तारीख बदलायची मुभा असलेलं भाडं घ्या, थोडं महाग पडतं पण सणावारी तेच परवडतं.

शेवंती | 22:03
असं कसं? 24 तासांत तिकीट फुकट बदलता किंवा रद्द करता येतं, डीजीसीएचा (सरकारच्या विमान वाहतूक महासंचालनालयाचा) नियमच आहे. मी मार्चमध्ये नागपूरचं तिकीट असंच रद्द केलं, एक रुपया कापला नाही. ताई, लगेच फोन करा, 24 तास उलटू देऊ नका.

तिकीटखिडकी | 22:10
शेवंती, तुमचा नियम खरा आहे, पण तो तिकीट काढल्यापासूनच्या 24 तासांपुरता. तेही विमान कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून काढलेलं हवं आणि उड्डाण तिकीट काढल्या दिवसापासून किमान सात दिवस पुढचं हवं. शिवाय दुसऱ्या फ्लाइटवर गेलात तर तिथलं त्या वेळचं भाडं द्यावंच लागतं.
धागाकर्त्या, तिकीट कधी काढलं? कुठून काढलं? मूळ तारीख कोणती? आणि तारीख बदलायची का आहे? हे कळल्याशिवाय कुणीही सांगितलेलं उत्तर चुकीचं निघेल. मी अकरा वर्षं तिकीट एजन्सीत काढली आहेत म्हणून विचारतोय.

रुळावरचा | 22:18
म्हणून मी गणपतीला रेल्वेशिवाय दुसरा विचारच करत नाही. थ्री एसीचं कन्फर्म तिकीट 48 तास आधी रद्द केलं तर माणशी 180 रुपये आणि जीएसटी, बस्स. निजामुद्दीनहून मंगला एक्सप्रेस थेट मडगावला जाते.

माजगावकरीण | 22:31
रेल्वेचं वेटिंग केव्हाच दोनशेच्या पुढे गेलंय, कृपया तो विषय नको.
तारीख का बदलायची म्हणजे काय? 7 तारखेला संध्याकाळी पोचून काय करू मी? प्रतिष्ठापना सकाळी आहे! आमची 6 तारखेची पहाटेची फ्लाइट होती. शनिवारी मेसेज आला की आता तुमचं उड्डाण 7 सप्टेंबर, 15:10. चित्रशाळेत पाट दोन महिन्यांपूर्वीच देऊन ठेवलाय, सहाला संध्याकाळी मूर्ती आणायला माझ्या नवऱ्यालाच जायचंय. म्हणून पाचची तारीख हवी. तिकिटं मेमध्ये एका पोर्टलवरून काढली होती. पैसे भरू की नको एवढंच सांगा ना.

तिकीटखिडकी | 22:36
थांबा. पैसे भरू नका.
फ्लाइट तुम्ही बदललेली नाही, कंपनीने रद्द करून दुसऱ्या दिवशीची दिली आहे. ही गोष्ट पहिल्या पोस्टमध्ये यायला हवी होती, सगळा प्रश्नच बदलला. डीजीसीएच्या नियमावलीत विभाग 3, मालिका एम, भाग 4 आहे, उड्डाण रद्द झालं, उशीर झाला किंवा चढूच दिलं नाही तर काय करायचं त्याबद्दलचा. कंपनीने उड्डाण रद्द केलं तर पर्यायी उड्डाण द्यायचं किंवा पैसे परत करायचे, आणि दोन्हींतलं काय घ्यायचं ते प्रवाशाला मान्य होईल तसं. 7 तारखेचं उड्डाण तुम्हाला मान्य नाही, तर पाचचं मागा.
ॲपवर 'तारीख बदला' दाबलं की यंत्रणा तुम्हाला स्वतःहून बदल करणारा प्रवासी समजते आणि शुल्क लावते. ते बटण तुमच्यासाठी नाहीच. आलेला मेल उघडा, त्यात 'स्वीकारा' आणि 'दुसरा पर्याय निवडा' असं काही आहे का? 'स्वीकारा' दाबू नका. दाबलं की नवी वेळ तुम्हाला मान्य आहे असा अर्थ घेतात आणि मग फोनवर दहा वेळा तेच ऐकवतात.

विमानवेडा | 22:41
असं असेल तर माझं वरचं उत्तर गैरलागू आहे. कंपनीने दिवस बदलला असेल तर शुल्क नाही आणि त्याच कंपनीच्या दुसऱ्या उड्डाणावर जाताना भाडेफरकही नको. मला हे आधी कळलं असतं तर तसं लिहिलं नसतं.

अर्जदार | 22:50
नुसती तारीख बदलून गप्प बसू नका! भरपाई मागा. दोन तासांपेक्षा लांबच्या उड्डाणाला माणशी 10,000. चौघांचे 40,000 होतात. ग्राहक आयोगात अर्ज ऑनलाइन करता येतो, मी स्वतः दोन केले आहेत. लोक मागत नाहीत म्हणून यांचं फावतं.

तिकीटखिडकी | 22:58
अर्जदार, भरपाईचा आकडा अर्धाच सांगितलात. 10,000 किंवा एका बाजूचं मूळ भाडं अधिक इंधन अधिभार, यांतलं जे कमी असेल ते. एका तासापर्यंतच्या उड्डाणाला 5,000, एक ते दोन तासांना 7,500, त्यावर 10,000. आणि भरपाई लागू होते ती वेळेत कळवलं नाही तर. दोन आठवडे आधी कळवलं की विषय संपतो. यांना 17 ऑगस्टला कळवलंय, उड्डाण 6 सप्टेंबरचं, म्हणजे वीस दिवस आधी. भरपाई बसत नाही.

अर्जदार | 23:06
नियम कंपन्यांच्या सोयीचा आहे म्हणून मागायचंही नाही का? माणसाने गावच्या गणपतीची आखणी केलेली असते, नातेवाईक कुठून कुठून येणार असतात, त्याची किंमत कोण देणार?

तिकीटखिडकी | 23:11
त्याबद्दल माझंही मत तुमच्यासारखंच आहे. वीस दिवस आधी कळवलं तरी सणाच्या आठवड्यात दुसरं तिकीट दुपटीने मिळतं, हे नियम लिहिणाऱ्यांनी धरलेलं नाही. पण आज रात्री फोनवर 40,000 मागितले तर समोरचा ते नाकारेल आणि त्या वादात पाच तारखेची रिकामी जागा जाईल. आधी जागा पदरात पाडून घ्या.

म्युनिकवासी | 23:19
आमच्याकडे युरोपात अंतराप्रमाणे 250, 400 आणि 600 युरो मिळतात. इथेही 14 दिवस आधी कळवलं तर भरपाई नाही, म्हणजे मुदत भारतासारखीच. फरक असा की युरोपातून निघणारं कुठल्याही कंपनीचं विमान त्यात बसतं. मुंबईला येणाऱ्या मराठी मंडळींनी फ्रँकफर्टहून येताना हे लक्षात ठेवावं. आम्ही मागच्या डिसेंबरात...

माजगावकरीण | 23:24
म्युनिकचं नंतर वाचते, माफ करा. पोर्टलच्या मदत क्रमांकावर पस्तीस मिनिटं होते. 'विमान कंपनीशी बोला' म्हणाले. कंपनीच्या चॅटवर गेले तर 'एजंटशी बोला.' आता?

तिकीटखिडकी | 23:30
हा खेळ रोजचा आहे. पोर्टल हे कंपनीचंच नेमलेलं प्रतिनिधी धरलं जातं. पैसे परत करण्याच्या नियमात, म्हणजे त्याच मालिकेच्या भाग 2 मध्ये, स्पष्ट आहे की एजंट किंवा पोर्टलमार्फत काढलेल्या तिकिटाचे पैसे परत देण्याची जबाबदारी कंपनीची, आणि ते 30 कामकाजाच्या दिवसांत व्हायला हवं. पोर्टलने घेतलेलं सुविधा शुल्क मात्र वेगळं, ते बहुतेक जण परत देत नाहीत.
चॅट सोडा, कंपनीच्या फोनवर माणसाशी बोला. पहिलंच वाक्य असं: "तुम्ही माझं उड्डाण रद्द केलंय, नवी वेळ मला मान्य नाही, त्याच मार्गावर 5 सप्टेंबरला हलवा." 'तारीख बदलायची आहे' हे शब्द तोंडातून काढू नका. फोन करण्याआधी पाचच्या कोणत्या उड्डाणात जागा आहे ते बघून त्याचा क्रमांक कागदावर लिहून ठेवा. त्यांना शोधायला लावलं तर 'जागा नाही' हे सोपं उत्तर येतं.
आणि सहा अंकी-अक्षरी पीएनआर कंपनीचा हवा. पोर्टलचा बुकिंग क्रमांक लांबलचक असतो, तो तिथे चालत नाही.

बांद्याचो झील | 23:37
ताई, चतुर्थीक घराकडे पोचाकच व्हया, काळजी करू नका. एकच सांगतंय, नवीन तिकीट घेताना कोड बघा. जीओएक्स म्हणजे मोपा, जीओआय म्हणजे दाबोळी. फोनवरचे लोक नुसतं 'गोवा' म्हणतात नि दाबोळीचं देऊन मोकळे होतात. मोपाहून माजगाव म्हणजे हाकेच्या अंतरावर. दाबोळीहून रात्री सासूबाईंना घेऊन यायचं म्हणजे पणजी ओलांडून सगळा गोवा पार करायचा.

शेवंती | 23:45
धाग्यातच विचारते, राग मानू नका. माझ्या भावाच्या तिकिटावर 'दिपक' झालंय, आधारवर 'दीपक' आहे, इंग्रजीत एक-दोन अक्षरांचा फरक. पैसे लागतील का?

विमानवेडा | 23:49
माणूस तोच असेल आणि चूक 24 तासांत लक्षात आणून दिली तर कंपनीच्या संकेतस्थळावरून काढलेल्या तिकिटाला लागत नाहीत. कधी काढलं?

शेवंती | 23:51
आजच संध्याकाळी. आत्ताच करते.

माजगावकरीण | 20 ऑगस्ट, 12:20
झालं, पण अर्धंच. पहिल्या मुलीने पोर्टलकडे पाठवलं. मी परत फोन लावला, तिकीटखिडकींचं वाक्य वाचूनच दाखवलं. दुसऱ्या माणसाने दहा मिनिटं होल्डवर ठेवलं आणि आम्हा तिघांची तिकिटं 5 तारखेच्या सकाळच्या मोपाच्या उड्डाणावर टाकली. शुल्क नाही, फरक नाही. कोड जीओएक्स, दोनदा विचारून घेतला.
सासूबाईंचं तिकीट वेगळ्या पीएनआरवर आहे, ज्येष्ठ नागरिक सवलतीत काढलं होतं म्हणून. हे काल लिहायचं राहून गेलं. तो म्हणतो त्यावर नवी वेळ स्वीकारलेली आहे, आता बदलाचे पैसे लागतील. आमच्यातल्या कुणीही काहीही दाबलेलं नाही! सासूबाई 74 वर्षांच्या आहेत, एकट्या दिल्लीत मागे कशा ठेवू?

तिकीटखिडकी | 12:34
त्या तिकिटावर संपर्क क्रमांक कुणाचा आहे? पोर्टलवर तपासा.

माजगावकरीण | 12:52
पुतण्याचा. त्यानेच काढलं होतं. आत्ता विचारलं, शनिवारी मेसेजमधली लिंक उघडली आणि 'ओके' केलं म्हणतो. त्याला वाटलं वाचल्याची पोच द्यायची आहे.

विमानवेडा | 13:05
मग अवघड आहे. स्वीकारलेला बदल म्हणजे स्वीकारलेला.

तिकीटखिडकी | 13:10
एवढ्यात हात टेकू नका. लिंक उघडून दाबलेल्या एका बटणावर 74 वर्षांच्या प्रवाशाचा हक्क संपला असं म्हणणं बरोबर नाही. कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला मेल लिहा, नाव आणि मेल त्यांच्या संकेतस्थळावर असतात. दोन्ही पीएनआर लिहा, चौघांचा प्रवास एकत्र आहे, ज्येष्ठ प्रवाशाला सोबत लागते, तिघांना पाचला हलवलं आहे, चौथीलाही त्याच उड्डाणावर घ्या. मेल लहान ठेवा. सोबत शनिवारच्या मेसेजचा फोटो जोडा. एअरसेवावरही (विमान प्रवाशांच्या तक्रारींचं सरकारी पोर्टल) तीच तक्रार टाका, तिथून ती कंपनीकडेच जाते पण क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक मेलमध्ये लिहिला की उत्तर लवकर येतं असा माझा अनुभव आहे.
अगदी नाहीच झालं तर पूर्ण परतावा मागा आणि पाचचं एक तिकीट वेगळं काढा. क्रेडिट शेल, म्हणजे पुढच्या तिकिटासाठी कंपनीकडेच जमा राहणारी रक्कम, देतो म्हणाले तर नाही म्हणा. पैसे खात्यात हवेत की शेलमध्ये हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही.

अर्जदार | 13:22
शेलबद्दल शंभर टक्के सहमत. कोविडमध्ये आमचे पैसे कित्येक महिने शेलमध्ये अडकले होते. सर्वोच्च न्यायालयाने 1 ऑक्टोबर 2020 ला आदेश दिला तेव्हा कुठे सुटले. ताई, मेल मी लिहून देतो हवं तर, व्यक्तिगत निरोप पाठवा.

रुळावरचा | 13:40
विषय नको म्हणालात तरी सांगतो, परतीचा विचार आत्ताच करा. विसर्जनानंतर कोकणातून बाहेर पडताना हीच गर्दी. आणि 31 ऑक्टोबरपर्यंत पावसाळी वेळापत्रक असल्यामुळे गाड्या सावकाश येतात, मडगावहून कुठलं विमान पकडणार असाल तर भरपूर वेळ हाती ठेवा.

माजगावकरीण | 20 ऑगस्ट, 19:05
अर्जदार, मेल लिहून दिलात, मनापासून आभार. पाठवला. एअरसेवाचा क्रमांकही मिळाला.

माजगावकरीण | 22 ऑगस्ट, 11:15
सकाळी कंपनीतून फोन आला. सासूबाईंनाही पाचच्या त्याच उड्डाणावर घेतलं, पैसे न घेता. नवं तिकीट उघडून ओळ न् ओळ वाचलं तर व्हीलचेअरची नोंद गायब! जुन्या तिकिटावर होती, नव्यावर आलीच नाही. परत फोन करून ती घालून घेतली. ज्यांची तिकिटं अशी हलवली जातील त्यांनी व्हीलचेअर, जेवण, पैसे भरलेली सीट हे सगळं नव्या तिकिटावर तपासा, आमच्या दोन सीटचे पैसेही तिथे दिसत नव्हते. ते परत मागितले आहेत.
पुतण्याला कुणी रागावू नका, त्याने सासूबाईंसाठी हौसेने तिकीट काढलं होतं. त्या तिकिटावर आता माझा नंबर घातलाय.
तिकीटखिडकी, तुम्ही त्या रात्री 'पैसे भरू नका' लिहिलंत तेव्हा मी कार्डाचा नंबर टाकून बसले होते.

बांद्याचो झील | 11:32
पाच तारखेक मोपाक उतरलात की बांद्यावरसूनच जावचा आसा. घराकडे कपभर च्या घेवन जावा.